मोटारहोममधला फ्रिज: गॅस, बॅटरी आणि बिघाडाचा शोध

ब्रिटनमध्ये राहणारी जी मराठी कुटुंबे पहिल्यांदाच मोटारहोम भाड्याने घेत आहेत किंवा वापरलेली गाडी विकत घेण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हा लेख लिहीत आहे. गाडी ताब्यात देणारा माणूस पाण्याची टाकी, शौचालय, पलंग हे सगळे नीट दाखवतो आणि फ्रिजपाशी आला की “हे बटण गॅसचे, हे विजेचे” एवढे सांगून पुढे सरकतो. दुसऱ्या दिवशी दूध नासते, दही आंबट होते आणि फ्रिज बिघडला आहे असे सगळ्यांचे मत पडते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा फ्रिज ठणठणीत असतो. त्याला लागणारी उष्णता, सपाट जागा किंवा पाठीमागची खेळती हवा यांपैकी काहीतरी मिळालेले नसते. थंड करणाऱ्या यंत्राला उष्णता कशासाठी लागते, हे एकदा समजले की वापरण्याचे जवळजवळ सगळे नियम आणि बिघाड शोधण्याची सगळी रीत त्यातून आपोआप उलगडते.

आधी फ्रिजची जात ओळखावी

मोटारहोममध्ये मुख्यतः दोन प्रकारचे फ्रिज असतात. नियंत्रणपट्टीवर ज्योत, विजेची पिन आणि बॅटरी अशी तीन चिन्हे असतील, आणि गाडीच्या बाहेरच्या भिंतीवर फ्रिजच्या मागे खाली एक व वर एक अशा दोन जाळ्या असतील, तर तो तीन मार्गांनी चालणारा अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज आहे. डोमेटिक आणि थेटफर्ड या दोन कंपन्यांचे फ्रिज युरोपातल्या गाड्यांत सर्रास दिसतात. ज्योतीचे चिन्ह नसेल आणि अधूनमधून घरच्या फ्रिजसारखी बारीक घरघर ऐकू येत असेल, तर तो 12 व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज आहे. छोट्या कॅम्परव्हॅनमध्ये आता हा दुसरा प्रकार वाढत चालला आहे. त्याच्याविषयी शेवटाकडे थोडे लिहिले आहे. बाकीचा सगळा लेख पहिल्या प्रकाराविषयी आहे, कारण नवख्या माणसाला अडचणीत टाकतो तो तोच.

उष्णतेतून थंडावा कसा निर्माण होतो

स्टॉकहोमच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी 1922 साली ही रचना शोधून काढली आणि 1925 मध्ये इलेक्ट्रोलक्स कंपनीने तिच्यावर आधारलेले फ्रिज बाजारात आणले. त्यात हलणारा एकही भाग नसतो, म्हणून तो पूर्णपणे निःशब्द चालतो. फ्रिजच्या मागे पोलादी नळ्यांचे एक बंदिस्त जाळे असते आणि त्यात अमोनिया, पाणी व हायड्रोजन भरलेले असतात. तळाशी असलेल्या बॉयलरमध्ये अमोनिया विरघळलेले पाणी तापते, अमोनियाची वाफ सुटून वर जाते, वरच्या पंखेदार नळीत ती हवेला उष्णता देऊन द्रवरूप होते, आणि मग हायड्रोजनच्या सान्निध्यात, कमी आंशिक दाबाखाली, तो द्रव पुन्हा वाफ होताना फ्रिजच्या आतली उष्णता ओढून घेतो. शेवटी ही वाफ पाण्यात शोषली जाते आणि मिश्रण उतारावरून बॉयलरकडे परतते.

परतीचा हा प्रवास केवळ गुरुत्वाकर्षणावर चालतो, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. गाडी तिरकी उभी राहिली तर द्रव वाटेतच साचतो, बॉयलर कोरडा पडत जातो आणि जास्त तापतो. नळ्या गंजू नयेत म्हणून मिश्रणात सोडियम क्रोमेट घातलेले असते. जास्त उष्णतेने त्याचे कण बनून नळीत अडकले की तो अडथळा कायमचा होतो आणि नळ्यांचे हे अख्खे जाळे, म्हणजे शीतन युनिट, बदलावे लागते.

बॉयलरला उष्णता कोठून मिळते याच्याशी या रचनेला काही देणेघेणे नसते. 230 व्होल्टचा हीटर, 12 व्होल्टचा हीटर आणि गॅसचा बर्नर हे तिन्ही एकाच बॉयलरला तापवतात. बिघाड शोधताना हीच गोष्ट सर्वांत उपयोगी पडते.

निघण्याच्या आदल्या दिवशी

हा फ्रिज सावकाश थंड होतो. सकाळी सुरू करून दुपारी निघण्याचा बेत असेल तर तो अर्धवट गार फ्रिज घेऊनच निघावे लागेल. म्हणून शक्य तेव्हा आदल्या दिवशीच गाडी घराच्या विजेवर जोडावी आणि फ्रिज 230 व्होल्टवर रात्रभर चालू ठेवावा. साधारण मापाचा फ्रिज या मार्गाने दीडशे वॅटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे एक अँपिअरही नाही. त्यामुळे फ्रान्समधल्या काही कॅम्पसाइटवर मिळते तशी 6 अँपिअरची तुटपुंजी जोडणीसुद्धा त्याला पुरते. तासाभराने बर्फाच्या कप्प्याला हात लावून पाहिल्यास गारवा जाणवू लागलेला असतो; खालच्या कप्प्यांना मात्र बराच वेळ लागतो.

फ्रिजमध्ये घालायचे सगळे घरच्या फ्रिजमध्ये आधी गार करून घ्यावे. आमटीचे कोमट पातेले किंवा नुकतीच मळलेली कणीक आत ठेवली की तिची उष्णता बाहेर काढण्यातच त्याचे काही तास जातात. इडलीचे पीठ न्यायचे असेल तर ते पूर्ण आंबू द्यावे, गार करावे, आणि पसरट डब्यात तीन चतुर्थांशच भरावे, कारण गाडीच्या हिंदकळण्याने ते फुगून झाकणाबाहेर येते. आतल्या मागच्या बाजूला जे धातूचे पंखे दिसतात त्यांच्यासमोर डबे चिकटवून ठेवू नयेत. पाच-सात पौंडांत मिळणारा साधा थर्मामीटर मधल्या कप्प्यात ठेवावा. ब्रिटनच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने घरगुती फ्रिजसाठी 5 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमान सांगितले आहे आणि तोच आकडा येथेही धरावा. दाराची कडी प्रत्येक वेळी निघण्याआधी लागली आहे का ते हाताने ओढून पाहावे.

12 व्होल्ट फक्त धावत्या गाडीसाठी

नवख्या माणसाचा सर्वांत मोठा गैरसमज येथे होतो. पट्टीवर बॅटरीचे चिन्ह दिसते, तेव्हा रात्री कॅम्पवर फ्रिज बॅटरीवर चालवता येईल असे वाटते. हिशेब करून पाहावा. 135 वॅटचा हीटर 12 व्होल्टवर सुमारे 11 अँपिअर घेतो. गाडीतली घरवापराची 100 अँपिअर-तासांची साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी तिला इजा न होता निम्मीच वापरता येते, म्हणजे 50 अँपिअर-तास. फ्रिज एकटा ती साडेचार तासांत संपवेल, आणि मग दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा यांना काहीच उरणार नाही. लिथियम बॅटरी असली तरी एक रात्र धड निघत नाही.

म्हणूनच गाडी बनवणारे फ्रिजची 12 व्होल्टची तार एका रिलेमधून, म्हणजे आपोआप जोडल्या-तोडल्या जाणाऱ्या स्विचमधून, नेतात आणि इंजिन चालू असून त्याच्यावर फिरणारा वीजनिर्माता, म्हणजे अल्टरनेटर, चार्ज देत असेल तेव्हाच तो रिले जोडला जातो. इंजिन बंद, की फ्रिजचा हा पुरवठा बंद. शिवाय बऱ्याच मॉडेलमध्ये 12 व्होल्टवर थर्मोस्टॅट काम करत नाही आणि हीटर सलग चालू राहतो. त्यामुळे हा मार्ग आधीच गार झालेला फ्रिज प्रवासात गार ठेवण्यासाठी आहे. गरम फ्रिज गार करण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. एखाद्या आधीच्या मालकाने रिले टाळून सरळ बॅटरीवर जोडणी केलेली असेल तर ती मूळ स्थितीत आणून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गॅसवर चालवणे

कॅम्पवर वीज नसेल तेव्हा गॅस हाच खरा मार्ग. फ्रिजला दिवसाला साधारण 270 ते 380 ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे 6 किलोचा सिलिंडर केवळ फ्रिजसाठी पंधरा दिवसांहून जास्त पुरतो. स्वयंपाक आणि पाणी तापवणे यांचा खर्च वेगळा धरावा.

सिलिंडरच्या रंगाविषयी भारतातून आलेल्यांनी सावध राहावे. आपल्याकडचा लाल घरगुती सिलिंडर ब्युटेन आणि प्रोपेन यांच्या मिश्रणाचा असतो. ब्रिटनमध्ये कॅलर कंपनीचा लाल सिलिंडर प्रोपेनचा आणि निळा ब्युटेनचा असतो. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वाफ व्हायचे थांबते, तर प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत वाफ देत राहते. स्कॉटलंडमध्ये एप्रिलच्या पहाटे सिलिंडर निम्मा भरलेला असूनही फ्रिज विझलेला आढळला, तर निळ्या सिलिंडरकडे आधी संशयाने पाहावे. वर्षभर फिरणाऱ्यांनी लालच घ्यावा. प्रोपेनच्या सिलिंडरची जोडणी उलट्या आट्यांची असते, त्यामुळे पाना नेहमीच्या विरुद्ध दिशेने फिरवावा लागतो. जोर लावून आटे मोडू नयेत. युरोपातल्या अनेक देशांत सिलिंडरच्या जोडण्या निराळ्या आहेत आणि एका देशाचा सिलिंडर दुसऱ्या देशात सहसा बदलून मिळत नाही. कॅम्पिंगगॅझचे छोटे निळे सिलिंडर तेवढे अनेक देशांत मिळतात, पण त्यातही मुख्यतः ब्युटेनच असते.

पेटवण्याची रीत अशी. सिलिंडर नव्याने जोडला असेल तर सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी पेटवून गळती शोधण्याचा प्रकार कोणीही करू नये. नंतर गाडीच्या आत, बहुधा ओट्याखालच्या कपाटात, प्रत्येक उपकरणाची वेगळी तोटी असते, त्यांतली फ्रिजची तोटी उघडी असल्याची खात्री करावी. मग शेगडी पेटवून मिनिटभर चालू ठेवावी, म्हणजे नळीत शिरलेली हवा निघून जाते आणि गॅस येत आहे हेही कळते. यानंतर फ्रिज गॅसवर लावावा. हाताने पेटवायच्या जुन्या फ्रिजमध्ये गॅसचा खटका दाबून धरून ठिणगीचे बटण दाबावे लागते आणि ज्योत पेटल्यावरही खटका दहा-पंधरा सेकंद तसाच धरून ठेवावा लागतो. ज्योतीत असलेले थर्मोकपल तेवढ्या वेळात तापते, अत्यल्प वीज निर्माण करते आणि त्या विजेवर सुरक्षाझडप उघडी राहते. यातल्या अनेक फ्रिजमध्ये आत, तळाशी डाव्या कोपऱ्यात, रुपयाएवढी एक गोल काच असते. फळांचा ट्रे बाजूला सारून, डोळे त्या पातळीवर आणून पाहिले तर तिच्यातून निळसर ठिपका थरथरताना दिसतो. काही मॉडेलमध्ये काचेऐवजी लहान काट्याचा मीटर असतो आणि काटा हिरव्या पट्ट्यात गेला की ज्योत लागली असे समजावे.

नव्या फ्रिजमध्ये ठिणगी आपोआप पडते आणि बाहेरच्या खालच्या जाळीजवळ कान नेल्यास तिची टकटक ऐकू येते. येथे एक मेख आहे. गॅसवर चालणाऱ्या या फ्रिजलाही नियंत्रणासाठी आणि ठिणगीसाठी घरवापराच्या बॅटरीची थोडीशी वीज लागतेच. बॅटरी पार उतरलेली असेल तर सिलिंडर भरलेला असूनही फ्रिज पेटत नाही. “गॅसवर आहे, मग विजेचा काय संबंध” असे म्हणून लोक तासन्‌तास सिलिंडर बदलत बसतात.

सर्व मार्ग आपोआप निवडणारे फ्रिज आधी 230 व्होल्ट शोधतात, ते नसेल तर इंजिनचे 12 व्होल्ट, आणि दोन्ही नसतील तर गॅस. इंजिन बंद झाल्यावर ते गॅस पेटवण्याआधी सुमारे 15 मिनिटे थांबतात, कारण गाडी पेट्रोलपंपावर उभी असण्याची शक्यता असते. या सोयीवर सगळा भार टाकू नये. पंपाच्या आवारात शिरण्याआधी फ्रिज स्वतःच्या हाताने बंद करावा, आणि फेरीबोटीवर चढण्याआधी सिलिंडरची झडपसुद्धा बंद करावी. चालत्या गाडीत गॅसवर फ्रिज चालवायचा असेल तर टक्कर झाल्यास पुरवठा तोडणारा रेग्युलेटर गाडीत असला पाहिजे. तो आहे की नाही हे माहीत नसेल तर नाही असे धरून प्रवासात 12 व्होल्टच वापरावेत.

गाडी कुठे आणि कशी उभी करावी

जागेवर पोचल्यावर एक छोटी पाणसळ फ्रिजच्या तळावर आधी आडवी आणि मग उभी ठेवून पाहावी. जुन्या फ्रिजना दोन-तीन अंशांहून जास्त कल चालत नाही. नव्यांना थोडा अधिक चालतो, पण ती सवलत वापरायची सवय न लावलेली बरी. कल असेल तर चाकांखाली पिवळे प्लास्टिकचे रॅम्प लावून गाडी सरळ करावी. पलंगावर झोपताना डोके खाली जात नाही इतपत सपाटी बहुतेक वेळा पुरेशी ठरते. धावत्या गाडीत कलाची काळजी नसते, कारण द्रव सतत हिंदकळत राहतो. काळजी तासन्‌तास तिरक्या उभ्या असलेल्या गाडीची.

दुसरी गोष्ट हवेची. खालच्या जाळीतून गार हवा आत येते, मागच्या नळ्यांवरून चढते आणि गरम होऊन वरच्या जाळीतून बाहेर पडते. या जाळ्यांवर हिवाळ्यात लावायची झाकणे मिळतात. ती साधारण 8 अंशांखाली तापमान उतरते तेव्हाच लावावीत आणि वसंतात आठवणीने काढावीत. बऱ्याच फ्रिजचा हवामान-वर्ग 32 अंशांपर्यंतचाच असतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये स्पेनच्या किनाऱ्यावर तो धापा टाकू लागला तर तो त्याचा दोष नव्हे. अशा वेळी फ्रिजची बाजू सावलीत येईल अशी गाडी उभी करावी. उत्तर गोलार्धात ती उत्तरेकडे आणि न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात दक्षिणेकडे वळवावी. वरच्या जाळीमागे 12 व्होल्टचा लहान पंखा बसवून गरम हवा बाहेर ढकलली तर अशा उन्हात स्पष्ट फरक पडतो, आणि वापरलेल्या गाडीत करण्यासारख्या सुधारणांत मी याला पहिला क्रमांक देईन.

तंबूसारखे बंद ऑनिंग (गाडीच्या बाजूला जोडायचा कापडी मांडव) जाळ्यांवरून लावू नये. फ्रिज गॅसवर असताना जळलेली हवा त्याच बाजूने बाहेर पडते आणि बंद ऑनिंगमध्ये ती साचणे जिवावर बेतू शकते.

थंड होत नसेल तर

पहिला प्रश्न एकच विचारावा: बॉयलरपर्यंत उष्णता पोचते आहे का? फ्रिज सुरू करून अर्ध्या-पाऊण तासाने वरच्या जाळीसमोर तळहात धरावा. तेथून ऊबदार हवा येत असेल तर उष्णतेचा पुरवठा ठीक आहे आणि दोष कल, हवा, दाराचे रबर किंवा शीतन युनिट यांत आहे. हवा गार असेल तर उष्णताच पोचत नाही आणि त्या मार्गाचा पुरवठा तपासायचा आहे. यानंतर तिन्ही मार्ग एकामागून एक, प्रत्येकाला काही तास देऊन, चालवून पाहावेत. एका मार्गावर फ्रिज चांगला चालत असेल तर शीतन युनिट शाबूत आहे हे निश्चित झाले आणि मोठ्या खर्चाची भीती तेथेच संपली.

गॅसवर चालत नाही, विजेवर चालतो. शेगडीची ज्योत कशी आहे ते पाहावे. तीही मलूल असेल तर सिलिंडर संपत आला आहे, ब्युटेन थंडीने गारठले आहे किंवा रेग्युलेटरमध्ये दोष आहे. भिंतीवर बसवलेल्या काही रेग्युलेटरमध्ये तेलकट थर साचून मार्ग अरुंद होतो. शेगडी जोमाने जळत असेल तर दोष फ्रिजपाशीच आहे. ठिणगीचा आवाज येत नसेल तर बॅटरी, फ्यूज आणि ठिणगीची तार पाहावी. ठिणगी येते पण पेटत नाही, तर नळीत हवा राहिली असेल किंवा जेट, म्हणजे गॅस बाहेर सोडणारे बारीक तोंड, तुंबला असेल. ज्योत लागते आणि खटका सोडताच विझते, तर थर्मोकपलचे टोक काजळले आहे, सैल झाले आहे किंवा ज्योतीतून बाजूला सरकले आहे. आल्प्समध्ये हजार मीटरच्या वर गेल्यावर एरवी नीट पेटणारा फ्रिजही कधीकधी कुरकुरतो. खाली उतरल्यावर तो सुधारला तर त्यात बिघाड शोधत बसू नये.

ज्योतीचा रंग हा फार विश्वासू साक्षीदार आहे. ती निळी आणि स्थिर असावी. पिवळी, लांब, झुलणारी ज्योत म्हणजे हवेचे प्रमाण कमी पडते आहे. अशा ज्योतीने काजळी धरते, उष्णता कमी मिळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हिवाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत याचे नेहमीचे कारण कोळी असतो. खालची जाळी काढून टॉर्च लावला तर बर्नरच्या बारीक खाचांवर करडे जाळे ताणलेले आणि त्यावर धुराड्यातून गळलेल्या तांबूस गंजाच्या पापुद्र्यांची भुकटी पडलेली दिसते. एवढ्याशा गोष्टीने ज्योत निम्म्यावर येते. बर्नर आणि धुराडे साफ करणे हे वार्षिक सर्व्हिसिंगचे मुख्य काम आहे आणि ते गॅसचे काम करण्याची पात्रता असलेल्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. ब्रिटनमध्ये त्याची गॅस सेफ नोंदणी विचारून घ्यावी. जेटच्या छिद्रात सुई घालू नये. ते छिद्र ठरावीक मापाचे असते आणि किंचित जरी मोठे झाले तरी ज्योत कायमची बिघडते.

230 व्होल्टवर चालत नाही, गॅसवर चालतो. कॅम्पसाइटच्या खांबावरचा स्विच, गाडीतला ब्रेकर आणि फ्रिजचा फ्यूज या क्रमाने पाहावे. फ्रिज सुरू करताच गाडीतला विजेचा गळतीरक्षक स्विच पडत असेल तर हीटरमध्ये दमटपणा शिरला आहे किंवा तो आतून तुटला आहे. हा हीटर तुलनेने स्वस्त असतो आणि बदलता येतो, पण 230 व्होल्टचे काम जाणकार माणसावर सोपवावे.

12 व्होल्टवर चालत नाही. रिले आणि फ्यूज ठीक असतील तर तारांमध्ये व्होल्टेज गळत असण्याची शक्यता सर्वांत जास्त. इंजिन चालू ठेवून, फ्रिज 12 व्होल्टवर लावून, फ्रिजच्या मागच्या जोडणीवर मल्टिमीटर धरावा. बॅटरीवर 13.5 व्होल्ट आणि फ्रिजपाशी 10.5 असे दिसले तर मधली तार बारीक आहे किंवा एखादा सांधा गंजला आहे. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून 12 ऐवजी 10.5 व्होल्ट मिळाले तर उष्णता जवळजवळ चतुर्थांशाने कमी होते. सांध्याला हात लावून तो गरम लागला तर चोर सापडला असे समजावे. हीटरच तपासायचा असेल तर पुरवठा पूर्ण तोडून, तारा सुट्या करून त्याचा रोध मोजावा. 135 वॅटच्या 12 व्होल्ट हीटरचा रोध सुमारे 1 ओहम भरतो. अनंत रोध दिसला तर हीटर तुटला आहे. युरो 6 या प्रदूषण-मानकाच्या नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटर स्वतःच व्होल्टेज खाली आणतो; तेथे फ्रिजचा पुरवठा बॅटरी-ते-बॅटरी चार्जरच्या मदतीने आखावा लागतो आणि वाहनविजेच्या जाणकाराला विचारणे बरे.

तिन्ही मार्गांवर बॉयलर तापतो, गाडी सरळ आहे, हवा खेळती आहे आणि तरीही बर्फाचा कप्पा गार होत नाही, तर मात्र शीतन युनिटच निकामी झाले असण्याची शक्यता मोठी. त्याआधी दाराचे रबर तपासावे: कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी, सहज निसटली तर तेथून गरम हवा आत येत आहे. बर्फाचा थर अर्धा सेंटिमीटर झाला असेल तर फ्रिज बंद करून तो वितळू द्यावा, सुरीने खरवडू नये. फ्रिज काढून उलटा करून ठेवण्याचा एक जुना उपाय सांगितला जातो आणि अडकलेले मिश्रण त्याने कधी मोकळे होतेही, परंतु सोडियम क्रोमेटचे कण बसलेली नळी त्याने सुटत नाही.

जेथे हात आवरावा

फ्रिजमागे अमोनियाचा झोंबणारा वास आला किंवा नळीवर पिवळी पूड जमलेली दिसली तर युनिट फुटले आहे. खिडक्या-दारे उघडून सर्वांनी बाहेर यावे, गॅस व वीज बाहेरूनच बंद करता आली तर करावी आणि तो फ्रिज पुन्हा सुरू करू नये. पिवळी पूड विषारी सोडियम क्रोमेटची असते. तिला उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. नळ्यांत उच्च दाब असतो, म्हणून त्यांना भोक पाडणे किंवा डाग देणे हा विचारही करू नये.

द्रवरूप पेट्रोलियम गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर जमिनीलगत साचतो. तो बाहेर पडावा म्हणून गाडीच्या तळाला भोके ठेवलेली असतात. वारा येतो म्हणून ती चिंध्यांनी बुजवणे अत्यंत धोकादायक आहे. गॅस-शोधक आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ही दोन वेगळी उपकरणे आहेत व दोन्ही चालू स्थितीत असली पाहिजेत.

कॉम्प्रेसर फ्रिज असेल तर

येथे पेटवणे नाही, धूर नाही आणि उष्ण हवामानात थंडावा निश्चितच चांगला मिळतो. बराच कलही तो सहन करतो. किंमत मोजावी लागते ती बॅटरीच्या रूपाने. कॉम्प्रेसर चालू असताना सुमारे 45 वॅट घेतो आणि ऋतूनुसार दिवसातला तिसरा हिस्सा ते अर्धा वेळ चालतो, म्हणजे दिवसाला 30 ते 45 अँपिअर-तास. मोठी बॅटरी आणि छपरावर सौर पॅनल असल्याशिवाय तो दोन रात्रींहून जास्त एका जागी चालणार नाही, आणि ब्रिटनच्या डिसेंबरात पॅनलवर विसंबून राहू नये. तो वारंवार बंद पडत असेल तर बहुधा बॅटरी वाचवण्यासाठी असलेले कमी व्होल्टेजचे संरक्षण काम करत असते. बॅटरी भरलेली असूनही तसे होत असेल तर पुन्हा तोच मल्टिमीटर घेऊन फ्रिजपाशी, कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी, व्होल्टेज किती खाली येते ते पाहावे. बारीक तार येथेही तोच त्रास देते. नियंत्रणपेटीवरचा दिवा किती वेळा लुकलुकतो त्यावरून दोष कोणता ते पुस्तिकेत दिलेले असते.

हंगाम संपल्यावर

फ्रिज रिकामा करून बर्फ वितळू द्यावा, आतून सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसावा आणि पूर्ण कोरडा करावा. दाराच्या कडीला किंचित उघडे ठेवण्याची एक वेगळी खाच असते. दार त्या खाचेत अडकवून ठेवले म्हणजे आत बुरशी धरत नाही. सिलिंडरची झडप आणि फ्रिजची तोटी दोन्ही बंद करावीत, जाळ्यांवर हिवाळी झाकणे लावावीत, आणि पुढल्या मार्चमध्ये ती काढल्यावर पहिल्या सहलीच्या आठवडाभर आधी फ्रिज तिन्ही मार्गांवर चालवून पाहावा, म्हणजे काही दुरुस्ती निघालीच तर तंत्रज्ञाची वेळ मिळण्याइतकी सवड हाताशी राहते.